मदत हवी आहे: वृद्धाश्रमात खाज पसरतेय, कॅथेटरवाल्यांना सारखा ताप

प्रश्न (वृद्धाश्रम व्यवस्थापक, कोल्हापूर)
आमच्याकडे २४ आजी-आजोबा, ६ मावशी, रात्रीचा १ ब्रदर आणि १ स्वयंपाकीण आहे. पाच-सहा जणांना बोटांच्या बेचक्यात, काखेत, कमरेला पुरळ आलंय. रात्री खाजेनं झोप नाही. मेडिकलमधून मलम आणलं, आठवडाभर बरं वाटलं, आता दुप्पट झालंय. शिवाय कॅथेटर (लघवीची नळी) असलेल्या तिघांना आलटून पालटून ताप येतो. लघवी तपासली की पस सेल्स (पुवाच्या पेशी) निघतात आणि अँटिबायोटिक सुरू होतं. पाऊस उघडत नाही, वाकळा वाळत नाहीत. नेमकं काय चुकतंय?

उत्तर १ (त्वचारोग विभागातली सिस्टर)
दादा, लक्षणं खरजेची वाटतात. एकदा सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत दाखवून खात्री करा. ते मलम आधी बंद करा. मेडिकलवाल्याकडच्या बऱ्याच खाजेच्या मलमांत स्टेरॉइड असतं. त्यानं पुरळ दबतं, खरजेचा किडा मरत नाही, उलट वाढतो.

खरूज झाल्यावर पहिल्यांदा खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात, म्हणून आज ज्याला काहीच नाही तोही पसरवत असतो. फक्त खाजणाऱ्यांना औषध दिलं की फेरा पुन्हा सुरू होतो. सगळ्यांना एकाच रात्री लावायचं, तुम्ही धरून ३३ जण. पर्मेथ्रिन (हा किडा मारणारं औषध) ५ टक्के क्रीम, माणशी साधारण ३० ग्रॅमची एक ट्यूब, ७ दिवसांनी पुन्हा. म्हणजे ६६ ट्यूब एकदमच आणा, मध्ये संपली तर सगळी मेहनत वाया. मावशींच्या घरच्यांनाही त्याच वेळी लागेल, तेही हिशेबात धरा.

लावताना नखं आधी कापा. गळ्यापासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेंबीत, जांघेत, पार्श्वभागाच्या घडीत. म्हाताऱ्या माणसांत डोकं, कानामागं आणि चेहरासुद्धा, डोळे-तोंड सोडून. ८ ते १२ तास ठेवून सकाळी अंघोळ. रात्री हात धुतले किंवा डायपर बदलला तर तेवढ्या जागी परत लावा, इथंच सगळ्यात जास्त चुकतं.

वाकळा उकळत बसू नका. मागच्या ३ दिवसांत वापरलेलं अंथरूण, कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. किडा अंगाबाहेर दोन-तीन दिवसांत मरतो, पण गार दमट हवेत जास्त तग धरतो, म्हणून आपल्याकडच्या पावसात आठवडाभर ठेवलेलं बरं. चादरी धुता येत असतील तर ६० अंश पाण्यात.

खाज नंतरही २ ते ४ आठवडे राहू शकते. ती राहिली म्हणून पुन्हा पुन्हा क्रीम चोपडू नका. एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या आजोबांच्या हातावर जाड खपल्या असतील तर त्यांना वेगळ्या खोलीत हलवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्या प्रकारात किडे प्रचंड असतात, नुसत्या क्रीमनं भागत नाही.

उत्तर २ (जेरियाट्रिक, म्हणजे वृद्धांचे डॉक्टर)
कॅथेटर महिनाभर राहिला की लघवीत जंतू जवळजवळ सगळ्यांनाच सापडतात. गढूळ लघवी, वास किंवा पस सेल्स, एवढ्यावर अँटिबायोटिक नको. उगाच दिलं की पुढं खऱ्या संसर्गाला औषध लागू पडत नाही. ताप, थंडी वाजणं, ओटीपोटात दुखणं, अचानक गोंधळलेलं वागणं असेल तर लगेच डॉक्टरांना बोलवा. नमुना पिशवीतून कधीच घेऊ नका. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर बदलून नव्या नळीतून घ्यायला सांगा.

पहिला प्रश्न मात्र हाच: तिघांनाही नळी खरंच हवी आहे का? नुसतं अंथरूण ओलं होतं म्हणून घातली असेल तर डॉक्टरांशी बोलून काढा.

पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण फरशीला न टेकता. व्हीलचेअरवर नेताना ती मांडीवर ठेवतात आणि साठलेली लघवी उलटी आत जाते. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. प्रत्येकाचा मग वेगळा ठेवा, पिशवीची तोटी मगाला टेकू देऊ नका. नळी-पिशवीचा जोड सोडायचा नाही, रोजचं ब्लॅडर वॉश (नळीतून मूत्राशय धुणं) नको.

मावशींचे हातमोजे बघा. एकच जोड घालून चार खाटा फिरत असतील तर ते मोजे जंतू वाटत फिरतात. प्रत्येक खाटेला नवा जोड, काढल्यावर हात धुणे.

प्रश्नकर्ता
खूप आभार. भिंतींना औषध फवारायचं का? आणि सॅनिटायझर चालेल ना?

उत्तर १ (सिस्टर)
फवारणी नको, खरूज भिंतीवरून येत नाही. सॅनिटायझरनं खरजेचा किडा मरत नाही, जुलाब-उलट्यांच्या साथीतही त्याचा फारसा उपयोग नाही. तिथं साबण-पाणी, ४० ते ६० सेकंद. कुणाला उलटी झाली तर आधी टिपून घ्या, मग ५ टक्के हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रव) २० मिली, पाणी मिळून १ लिटर, असं द्रावण १० मिनिटं ओलं राहू द्या. रोज ताजं बनवा. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ते मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

उत्तर २ (डॉक्टर)
आणि फ्लूची लस राहिली असेल तर पावसाळा संपायची वाट बघू नका. संरक्षण तयार व्हायला सुमारे २ आठवडे लागतात. मावशी आणि ब्रदरलाही द्या, बाहेरून ताप तेच आत आणतात.