आईबाबा परदेशी येताना काढलेला वैद्यकीय विमा: तुमचे अनुभव लिहा

एडिसनची लेक
काल कपाट आवरताना बाबांची जुनी पिवळी फाइल हाती लागली. आत बोर्डिंग पास, गोळ्यांची चिठ्ठी आणि इस्पितळाचं ते बिल. २०१७ सालचं. बघून पोटात तसाच गोळा आला. शेजाऱ्यांचे आईवडील पुढच्या महिन्यात नागपूरहून इथे अमेरिकेत येतायत, म्हणून लिहितेय.

बाबा तेव्हा ६८चे, बीपी आणि मधुमेह दोन्ही. विमा मी रात्री अकराला घाईघाईत घेतला. ५०,००० डॉलर एवढंच वाचलं. इथे आल्याच्या अकराव्या दिवशी पहाटे त्यांच्या छातीत दडपलं. आणीबाणीच्या ९११ नंबरला फोन, दोन रात्री इस्पितळात. हृदयाचं काही निघालं नाही, पण बिल २७,००० डॉलरच्या वर. आमचा विमा 'फिक्स्ड बेनिफिट'चा. खोलीचे दिवसाला इतके, इमर्जन्सीचे इतके, असं कोष्टक ठरलेलं, बिल कितीही येवो. साडेतीन हजारसुद्धा मिळाले नाहीत. मग तपशीलवार बिल मागितलं, इस्पितळाकडे आर्थिक मदतीचा अर्ज केला, तेव्हा बरंच उतरलं. चार महिने गेले त्यात.

बाबा सारखे म्हणायचे, "माझ्यामुळे तुला भुर्दंड." ते अजून टोचतं.

मिरजेची माई
वाचून डोळे भरले गं. बाबा कसे आहेत आता?

एडिसनची लेक
छान आहेत माई. रोज सारसबागेत दोन फेऱ्या मारतात.

डॅलसकर
आम्ही 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' घेतला होता, म्हणजे कोष्टकाऐवजी बिलाच्या टक्केवारीने पैसे देणारा. हप्ता जवळजवळ दुप्पट, पण सासूबाईंच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला तोच कामी आला. पहिले २५० डॉलर आमचे, पुढच्या ५,०००मधले २० टक्के आमचे, त्यानंतर मर्यादेपर्यंत सगळं कंपनीचं. इस्पितळ त्यांच्या नेटवर्कमधलं, म्हणजे कंपनीशी करार असलेलं, आहे ना, ते आधी विचारलं.
क्लेमच्या वेळी त्यांनी भारतातले जुने कागद मागितले, आजार आधीचा होता का ते बघायला. सांगलीच्या डॉक्टरांकडे दीड वर्षापूर्वीची सोनोग्राफी होती, त्यात खडे नव्हते. त्या एका कागदावर सुटलो. जुने रिपोर्ट फोनमध्ये घेऊनच या.

पोळ्या करता करता
'अक्यूट ऑनसेट' हा शब्द नीट वाचा. जुना आजार अचानक उसळला आणि २४ तासांत उपचार घेतले तर बऱ्याच पॉलिसी पैसे देतात. हळूहळू वाढलेलं दुखणं, नेहमीची तपासणी, गोळ्या यात येत नाहीत. सत्तरी-ऐंशीनंतर रक्कमही खाली येते. बाकीचं नंतर लिहिते, तवा तापलाय

ठाण्याचा पुतण्या
आमच्या काकांनी इथल्या, भारतातल्या कंपनीचा फॉर्म भरताना मधुमेह लिहिलाच नाही. "गोळी तर अर्धीच घेतो," म्हणाले. क्लेम नाकारला. काकांना दोष देववत नाही, त्या पिढीला आजार सांगणंच कमीपणाचं वाटतं. फॉर्म भरताना शेजारी बसा त्यांच्या.

मिरजेची माई
खरंय. आमचे हे गुडघ्याचं दुखणं तीन वर्षं लपवत होते. कोणाला गुडघ्याचे चांगले डॉक्टर माहीत आहेत का, कोल्हापूर भागात?

टोरांटोतली मावशी
कॅनडाच्या सुपर व्हिसाला (आईवडील, आजीआजोबांना जास्त काळ राहता येतं तो) किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा आणि निदान वर्षभराचा विमा लागतो. आमचा घोळ वेगळाच झाला. पॉलिसीत अट होती की जुना आजार प्रवासाआधी १८० दिवस 'स्थिर' हवा. नाशिकच्या डॉक्टरांनी निघायच्या तीन आठवडे आधी आईच्या बीपीच्या गोळीचा डोस बदलला. झालं, अटीनुसार आजार अस्थिर! नशिबाने काही झालं नाही, पण वर्षभर मी धास्तावलेली होते. अशी अट असेल आणि डोस बदलायचा असेल तर शक्यतो निघायच्या १८० दिवस आधीच बदलून घ्या.
माई, व्यक्तिगत निरोप बघा, गुडघ्याचं लिहिलंय.

निवृत्त मास्तर
आम्ही दोघं जर्मनीला मुलाकडे जाऊन आलो. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो) ३०,००० युरोचा विमा लागतोच, त्यामुळे निवडायला फार डोकं लागलं नाही. फक्त तारखा परतीच्या पुढे दोन दिवस घेतल्या. विमान रद्द झालं आणि त्या उपयोगी पडल्या.

डॅलसकर
अजून एक. ताप, खोकला, साधी जखम असेल तर इमर्जन्सीऐवजी 'अर्जंट केअर'ला, म्हणजे साध्या दुखण्यांसाठीच्या दवाखान्यात न्या, खर्च कितीतरी कमी. छातीत दुखलं तर मात्र पैशांचा विचार न करता ९११.

पोळ्या करता करता
आले. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून आणा. क्रोसिन म्हटलं तर अमेरिकेत कोणाला कळत नाही, आणि पॅरासिटामॉलला तिथे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात.

नवी_सून
सासूबाई उद्या रात्री मुंबईहून निघतायत आणि विमा राहिलाय! इथे अमेरिकेत उतरल्यावर काढला तर चालेल का?

एडिसनची लेक
अमेरिकी कंपन्यांचा उतरल्यावरही मिळतो, पण थांबू नकोस. आज रात्रीच काढ, त्यांच्या निघण्याच्या तारखेपासूनचा. कॉम्प्रिहेन्सिव्ह बघ, आणि त्यांना काय काय आजार आहेत ते फोन करून त्यांनाच विचार. मी अजून तासभर जागी आहे, अडलं तर इथेच लिही.