रेडिएटर नाही, पण ग्रीसचा डबा हवाच

‘सित्रोएन २सीव्ही या जुन्या फ्रेंच गाडीला रेडिएटरच नाही, मग देखभाल कसली?’ असं कुणी म्हणत असेल तर ते अर्धंच खरं. ६०२ सीसी, दोनच सिलिंडर, इंजिन हवेवर थंड होतं. पाणी गळायची भानगड नाही हे मान्य. पण पुढच्या चाकांच्या किंगपिनना (ज्या खिळ्यांवर चाकं वळतात त्यांना) दर हजार किलोमीटरला ग्रीस द्यावंच लागतं. पहिल्या वर्षी मी आळस केला, तर स्टिअरिंग इतकं जड झालं की पार्किंग करताना हात भरून यायचे.

खरी मेख ब्रेकच्या तेलात आहे. माझी गाडी १९८४ची, पुढे डिस्क ब्रेकवाली. हिला हिरवं एलएचएम लागतं, म्हणजे खनिज तेल. जुन्या, पुढे ड्रम ब्रेक असलेल्या गाड्यांना साधं ब्रेक ऑइल. इथे फ्रान्समध्ये ल्योंजवळच्या एका गॅरेजवाल्याने सवयीने साधंच ओतलं. रबरी सील फुगले, पेडल अर्ध्यात अडकायला लागलं, शेवटी झाडून सगळे सील बदलले. तेव्हापासून ब्रेक तेलाच्या टाकीच्या झाकणावर हिरवा रंग फासून ठेवलाय.

इग्निशनचे पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारे संपर्क) पंख्याच्या मागे लपलेले, म्हणजे आधी पंखा काढा. मी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून मोकळा झालो. कट्टर मंडळी नाकं मुरडतात, मुरडू देत.

आणि ही गाडी घेताना रंगावर भुलू नका. जमिनीवर आडवे व्हा, चासीला (खालच्या सांगाड्याला) स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. आत शिरला तर गंजलीय समजा, किंमत पाडून मागा. जस्ताचा मुलामा दिलेली नवी चासी मिळते, आणि बॉडी बोल्टांवरच बसलेली असल्याने चौघांना उचलून बाजूला ठेवता येते.