मदत हवी आहे: काळ्या मातीत दगडी बाकं कलंडायलेत

नमस्कार मंडळी, सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या बाजूला आम्ही काही जण रविवारी श्रमदान करून पायवाट नीट करायलोय, तिथंच दोन कडुलिंबाखाली पोरांसाठी उघड्यावरचा वर्ग मांडलाय, तीसेक पोरं बसतील एवढा. बसायला डबरावर (ओबडधोबड दगडांवर) शहाबादी फरशी टाकून बाकं केली, उन्हाळ्यात एकदम पक्की होती. पण जमीन काळी, पाऊस पडला की फुगते, उन्हात भेगा पडतात, हाताचा पंजा आत जातो इतक्या. आता सातपैकी चार बाकं कलंडलीत आणि एका फरशीला मधोमध तडा गेलाय, पोरांना त्यावर बसवायला जीव होत नाही.

एक फूट खणून मुरूम भरला, पाणी मारून धुम्मसनं ठोकला, तरी तेच. सिमेंट काँक्रीट चालणार नाही, जागा दुसऱ्याची आहे आणि पक्कं बांधकाम नको या अटीवरच मिळालीय. जेसीबी आत जात नाही, झाडांची मुळं पण तोडायची नाहीत.

काळ्या रानात ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा, मुरूम किती खोल भरावा, का पाया सोडून आडवे ओंडकेच नुसते ठेवावेत? आणि ओंडके ठेवले तर वाळवीचं काय करायचं?