आधी टाळी वाजवून बघा

१२ बाय १० च्या हॉलसाठी ॲटमॉसचा, म्हणजे आवाज वरून आणि चहूबाजूंनी येतोय असं भासवणारा, साउंडबार (टीव्हीखालचा लांबट स्पीकर) घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय आणि एका बाजूला उघडं स्वयंपाकघर आहे असंही लिहिलंय. मग वॅटच्या आकड्यांआधी तीच बाजू बघा. अशा बारमधल्या बाजूला आवाज फेकणाऱ्या स्पीकरना दोन्हीकडे भिंत लागते. एकीकडे ओटा असेल तर आवाज तिकडेच निघून जातो. वर तोंड असलेल्या स्पीकरना सपाट, कडक छत हवं, साधारण ७.५ ते १२ फुटांवर. फ्लॅटमध्ये ते बहुधा असतंच, कौलारू घरात मात्र पैसे वाया.

खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. आमच्याकडे खाली टाइल्स, काचेची सरकती खिडकी, मोकळ्या भिंती. टाळी झणझणत राहायची आणि सिनेमातले संवाद कळायचे नाहीत. जाड पडदे लावले, सोफ्यासमोर सतरंजी अंथरली, आणि तोच बार स्वच्छ ऐकू यायला लागला. सबवूफर, म्हणजे बासचा (खालच्या, घुमणाऱ्या आवाजाचा) वेगळा डबा, कोपऱ्यात कोंबू नका, तिथे बास घुमतो. हातभर पुढे ओढून ऐका.

तुमच्या हॉलला मी तरी वेगळा सेंटर चॅनेल (संवादांसाठीचा मधला स्पीकर) असलेला ३.१ च घेईन, म्हणजे डावा, मधला, उजवा आणि एक सबवूफर.