चिखलाचं चर्च आणि एकदाचं सिमेंट

मातीखाऊ
अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या रांचोस दे ताओस गावच्या सॅन फ्रान्सिस्को दे आसीस चर्चचा फोटो परवा एका ग्रुपवर फिरत होता. खाली एका इंजिनिअर गृहस्थांची पोस्ट: दरवर्षी नवा चिखल थापावा लागतो, म्हणजे मूळचं काही उरलेलंच नाही, याला वारसा म्हणणं भाबडेपणा, एकदाचा सिमेंटचा गिलावा मारा आणि सुटा. तिथे उत्तर दिलं तर हसणारे चेहरे आले, म्हणून इथे सविस्तर.

अहो, मारला होता की सिमेंटचा गिलावा! १९६७ मध्ये. दरवर्षीच्या कामाला लोक वैतागले होते. मातीच्या भिंतीत पाणी शिरतंच, जमिनीतून वर चढतं, भेगेतून झिरपतं. वर मातीचंच लिंपण असेल तर ते वाळून निघून जातं. सिमेंटने ते आत कोंडलं. बाहेरून चर्च टकाटक, आत कच्च्या विटांचा पुन्हा चिखल. १९७९ मध्ये सगळं सिमेंट खरवडून काढावं लागलं. तेव्हापासून पुन्हा माती आणि गवताचा लेप, जून महिन्यात, पॅरिशच्या, म्हणजे त्या चर्चशी जोडलेल्या वस्तीतल्या लोकांच्या हातांनी.

आणि 'मूळचं' म्हणाल तर १८१६ च्या सुमारास पुरी झालेली भिंत आत उभी आहे. वरचा थर झिजण्यासाठीच असतो. तो लावायला गाव जमतं, हाच मला वारशाचा मोठा भाग वाटतो.

नेमकं बोला
धाग्याला 'ठोकीव मातीची बांधकामं' असा टॅग कशाला? ताओसचं चर्च अडोबीचं, म्हणजे उन्हात वाळवलेल्या विटांचं. साच्यात ओलसर माती थराथराने ठोकून उभारलेली भिंत बघायची तर साउथ कॅरोलायनात स्टेटबर्गचं होली क्रॉस चर्च (१८५०-५२), नाहीतर बर्लिनचं रिकन्सिलिएशन चॅपल (२०००). बर्लिनला १९८५ मध्ये सुरुंग लावून पाडलेल्या जुन्या चर्चचा चुरा त्याच मातीत कालवलाय, आणि ठोकायला स्वयंसेवक होते.

मातीखाऊ
काढला टॅग. आता मुद्द्यावर या.

वसईची पोर
मुद्द्यावर मीच येते. आमच्या पॅरिशच्या चर्चचं जुनं कौलारू छप्पर उतरवून स्लॅब टाकला, आत ग्रॅनाइट, बाहेर चकचकीत टाइल्स. वर्गणी आम्हीच दिली, श्रमदानही आमचंच. म्हणजे लोकसहभाग शंभर टक्के! आता स्लॅब गळतो आणि उन्हाळ्यात मिस्साला पंख्याखालची जागा पकडायला मारामारी. माझी आजी नवं चर्च बघून इतकंच म्हणाली की हे हॉलसारखं दिसतं. तेव्हा लोकांनी केलं म्हणून वारसा, हे जरा जपून बोला. लोकच वाट लावतात.

मातीखाऊ
ताओसलाही लोकांनीच लावली होती, ताई. बारा वर्षांनी दुरुस्तही केली.

स्पष्टवक्ता
गळक्या स्लॅबचा दोष ठेकेदाराचा, सिमेंटचा नव्हे. आणि ते जूनमधलं लिंपण म्हणजे फुकटची मजुरी. जॉर्जिया ओ'कीफने चित्रं काढली, ॲन्सेल ॲडम्सने फोटो काढले, १९७० मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. पर्यटक येऊन सेल्फी काढणार आणि गावातल्या म्हाताऱ्यांनी शिडीवर चढून चिखल थापायचा! पोरं शहरात गेली की कोण थापणार?

मातीखाऊ
हा प्रश्न रास्त आहे. पण त्यावर सिमेंट हे उत्तर नाही, एवढंच म्हणतोय.

पणजीहून
आमच्याकडची उलटी तऱ्हा ऐका. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चचा गिलावा पोर्तुगीज अमदानीच्या शेवटी, १९५० च्या आसपास, मुद्दाम काढला. उघडा चिरा (जांभा दगड) जास्त जुना दिसतो म्हणे! तेव्हापासून चिरा पावसात झिजतोय. २०२० मध्ये तिथल्या रेक्टरनी, म्हणजे प्रमुख धर्मगुरूंनी, गिलावा परत करा म्हणून जाहीर मागणी केली, तर निम्मा गोवा 'आमचा लाल रंग जाईल' म्हणून अडून बसला. फोटोत कसं दिसतं यावर वारसा ठरवायचा असेल तर धन्य आहे.

माळवद
तुमची माती तुम्हालाच लखलाभ. मी किल्लारीच्या बाजूचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमचं घर चुलत्यांच्या अंगावर आलं. दगड-मातीच्या हातभर जाड भिंती, वर मातीचं माळवद. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. मातीच्या बांधकामाचं कौतुक कुणी करायला लागलं की माझं डोकं फिरतं.

नेमकं बोला
वाईट वाटलं. पण तिथे दोष एकट्या मातीचा नव्हता. भिंतीची दोन्ही तोंडं एकमेकांना धरून ठेवणारे आडवे लांब दगड घातलेले नसायचे, मधे नुसती भर, त्यावर माळवदाचं प्रचंड ओझं. स्टेटबर्गच्या ठोकीव भिंती १८८६ चा चार्ल्सटनचा भूकंप सोसूनही...

माळवद
तुम्ही मला आडवे दगड शिकवणार? ढिगारा उपसलाय आम्ही.

वसईची पोर
नेमकंभाऊ, थोडं थांबा ना.

स्पष्टवक्ता
बघा, हेच म्हणत होतो. माती माणसं मारते.

माळवद
साहेब, तुम्हीही माझ्या खांद्यावर बंदूक ठेवू नका. नंतर पुनर्वसनात सिमेंटची घरं मिळाली. मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही. आईने अंगणात पत्र्याचा आडोसा केला, खाली शेणाने सारवलं, आणि तिथेच राहिली. म्हणजे घर सरकारी, राहणं अंगणात. जुनं घर गार होतं हे मीही नाकारत नाही. पण त्यात परत झोपणार नाही.

पणजीहून
धागा चर्चवरून लातूरला पोचला.

माळवद
मग? वारसा फक्त चर्चला असतो काय? आमच्या माळवदावर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकायला अख्खी गल्ली यायची. त्याचे फोटो कुणी काढले नाहीत.

मातीखाऊ
हे ताओसवाल्यांना कुणी सांगितलं तर त्यांना लगेच कळेल. मलाही पटलं. भूकंपाच्या पट्ट्यात मजबुतीकरणाशिवाय मातीचं कौतुक करू नये, हेही मान्य.

स्पष्टवक्ता
म्हणजे शेवटी इंजिनिअर लागतोच. धन्यवाद.

मातीखाऊ
लागतो. १९६७ ला नको होता, एवढंच.

स्पष्टवक्ता
तो सल्ला इंजिनिअरनेच दिला होता, याला पुरावा?

वसईची पोर
आमच्याकडे तरी ठेकेदारानेच दिला होता. कुणाला स्लॅबचं वॉटरप्रूफिंग करणारा खात्रीचा माणूस माहीत असेल तर मेसेज करा, पाऊस जवळ आलाय.