इंग्रजीतला लोंबकळता पार्टिसिपल : चूक की उगाच कुरकुर?

पेन्सिलधारी :
ऑफिसात इंग्रजी अहवाल तपासायचं काम माझ्या गळ्यात आहे. लोक सेमीकोलनवरून, म्हणजे अर्धविरामावरून (;) हमरीतुमरीवर येतात, पण तो चुकला तरी अर्थ सहसा जागेवर राहतो. खरा घोळ घालतो पार्टिसिपल, म्हणजे 'हॅविंग', 'टर्निंग' असं '-इंग' लावलेलं क्रियापद. त्याचा कर्ता वाक्यात चुकीचा लागला की ते लोंबकळतं. हे वाक्य बघा : 'हॅविंग रीच्ड द साइट, द पंप वॉज फाउंड ब्रोकन.' साइटवर पोचलं कोण? तर पंप!

मला वाटतं याचं मूळ आपल्या मराठीत आहे. 'घरी जाताना पाऊस लागला' हे वाक्य चोख आहे. जाणारे आपण, लागणारा पाऊस. '-ताना'ला दोन वेगळे कर्ते चालतात. इंग्रजीत मात्र स्वल्पविरामापुढे जो कर्ता उभा असेल, मागची क्रिया त्याच्याच नावावर चढते. आपण डोक्यात '-ताना' ठेवून हाताने '-इंग' लिहितो.

दुपारचा चहा :
असहमत. पंप चालत आला नाही हे वाचणाऱ्याला कळतं ना? मग झालं. 'हॅम्लेट'मधलं बापाचं भूत सांगतं, 'स्लीपिंग इन माय ऑर्चर्ड, अ सर्पंट स्टंग मी.' तुमच्या हिशोबाने बागेत साप झोपला होता. शेक्सपिअरलाही लाल शाई लावणार का? आणि 'कन्सिडरिंग', 'जजिंग बाय' तर सगळेच कर्त्याची फिकीर न करता वापरतात.

पेन्सिलधारी :
'कन्सिडरिंग' मान्य, ते आता रुळलंय. भुतालाही सूट. पण अपघाताच्या अहवालात हे आलं तर? 'द ड्रायव्हर हिट द सायक्लिस्ट टर्निंग लेफ्ट.' डावीकडे वळलं कोण? असं वाचलं तर सायकलवाला. 'टर्निंग'च्या आधी स्वल्पविराम टाका, वळण ड्रायव्हरकडे जातं. विम्याचे पैसे कुणाला मिळणार ते यावर ठरेल, आणि तुम्ही म्हणताय 'मग झालं'!

वकीलकाकू :
पार्टिसिपलबद्दल सहमत, पण सेमीकोलनला इतक्या स्वस्तात सोडू नका. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सचा दारूविक्रीचा कायदा होता : रात्री ११ ते सकाळी ६ विक्री बंद, मग सेमीकोलन, मग रविवारीही बंद, पण हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांना देता येईल. १९०० साली कोर्टाने ठरवलं की पाहुण्यांची सूट सेमीकोलनच्या पुढच्या भागापुरतीच, म्हणजे फक्त रविवारची. झालं, हॉटेलांचा रात्री ११ नंतरचा धंदा बसला. आधीच्या मसुद्यात त्या जागी स्वल्पविराम होता म्हणे, तो कुणी बदलला देव जाणे.

दुपारचा चहा :
काकू, हे तर माझ्याच बाजूने झालं. एवढं धोक्याचं चिन्ह वापरायचंच कशाला? फुलस्टॉप द्या, दोन वाक्यं करा. 'द रिपोर्ट इज रेडी, हाउएवर द ॲनेक्स्चर इज मिसिंग' हे चूक आहे, दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडलीत, हे मलाही कळतं. 'रेडी'नंतर पूर्णविराम दिला की मिटलं.

वकीलकाकू :
तिथे मिटेल. पण 'पुणे, महाराष्ट्र, पणजी, गोवा, बेळगाव, कर्नाटक' अशी यादी एका वाक्यात द्यायची असेल तर? सगळीकडे स्वल्पविराम टाकलेत तर गावं तीन की सहा, सांगा. आणि आपल्या संविधानाच्या १९व्या अनुच्छेदातल्या स्वातंत्र्यांची यादी बघा, शेवटचं सोडून प्रत्येक स्वातंत्र्यानंतर इंग्रजी मसुद्यात सेमीकोलनच येतो. तिथे फुलस्टॉप देऊन दाखवा.

दुपारचा चहा :
यादीपुरता दिला. 'हाउएवर'च्या आधी मात्र माझा फुलस्टॉपच.

पेन्सिलधारी :
चालेल. पण 'हॅविंग रीच्ड'चं काय ते सांगा. मी तर सरळ 'व्हेन वी रीच्ड' करून टाकतो.