डीसीएम काढून २-मिथाइल टीएचएफ घेतलं की प्रोसेस ग्रीन झाली का?

नवा_केमिस्ट:
नमस्कार मंडळी, प्रोसेस डेव्हलपमेंटला नवीन आहे. आमच्याकडे एका इंटरमीडिएटची अमाइड कपलिंगची (आम्ल आणि अमाइन जोडायची) स्टेप आहे, डीसीसी (ही जोडणी घडवणारं रिएजंट) वापरून, आणि रिअ‍ॅक्शन काय एक्स्ट्रॅक्शन काय सगळं डीसीएममध्येच (डायक्लोरोमिथेन, क्लोरीनवाला सॉल्व्हंट) चालतं. आता प्रोसेस ग्रीन करा म्हणून सांगितलंय आणि सगळ्यांचं म्हणणं पडलं की डीसीएम काढा, २-मिथाइल टीएचएफ (ईथर जातीचा सॉल्व्हंट) घ्या, ते फरफ्युरलपासून म्हणजे शेतातल्या टाकाऊ मालापासून बनतं. लॅबला यील्ड जवळपास तेवढंच येतंय. पण एवढ्यावर ग्रीन म्हणायचं का? कुठला आकडा बघून ठरवायचं, आणि प्लांटला न्यायच्या आधी काय काय तपासू?

रिअ‍ॅक्टर_शेजारी:
आकडा हवाच. सोपा म्हणजे ई-फॅक्टर, रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये मांडलेला, एक किलो प्रॉडक्टमागे किती किलो कचरा. पेट्रोलियम रिफायनरीत हा ०.१ च्या आसपास असतो आणि औषधांच्या धंद्यात २५ ते १०० च्या पुढे जातो, आणि त्यातला मोठा वाटा सॉल्व्हंटचाच असतो, त्यामुळे सॉल्व्हंटपासून सुरुवात करणं बरोबरच आहे. फक्त नाव बदलून आकडा हलत नाही. बॅचला किती लिटर टाकलं, रिकव्हरीला किती परत आलं, वॉशला पाणी किती गेलं हे बॅच शीटवरून काढ, जुन्या आणि नव्या दोन्ही प्रोसेसचं. पाणी धरायचं की नाही ते आधी ठरव आणि दोन्हीकडे तेच ठेव, नाहीतर तुलनेला काही अर्थ नाही.

सरळ_बोलतो:
सॉल्व्हंटचं ठीक आहे पण तुम्ही डीसीसीकडे कुणी बघतच नाही! पाण्याचा एक रेणू बाहेर काढायचा, १८ ग्रॅम, आणि त्यासाठी प्रत्येक मोलमागे २२४ ग्रॅम डीसीयू (डीसीसीचं उरलेलं बायप्रॉडक्ट) तयार होतं, वर ते गाळून जाळायला पाठवायचं. २००७ मध्येच मोठ्या औषध कंपन्यांच्या केमिस्टांनी मिळून कुठल्या रिअ‍ॅक्शनला चांगला पर्याय हवा याची यादी केली होती, त्यात असले रिएजंट न वापरता अमाइड बनवणं अगदी वरच्या नंबरावर होतं. बोरिक अ‍ॅसिड कॅटॅलिस्ट घेऊन टोल्युईनमध्ये रिफ्लक्स करून (उकळत ठेवून) बघ, डीन-स्टार्कला (पाणी वेगळं करणारं काचेचं उपकरण) पाणी काढत राहायचं, बायप्रॉडक्ट फक्त पाणी. सगळ्या सबस्ट्रेटला तेवढी उष्णता सोसत नाही, वेळही लागतो, पण ट्रायल घ्यायला काय हरकत आहे.
आयब्युप्रोफेनचं उदाहरण बघ. जुना बूट्स कंपनीचा रूट सहा स्टेपचा, अ‍ॅटम इकॉनॉमी (घातलेल्या मालातला किती भाग प्रॉडक्टमध्ये जातो) ४० टक्के. नंतरचा बीएचसी कंपनीचा तीन स्टेपचा, ७७ टक्के. तिथे मूळ रूटच बदलला, म्हणून एवढा फरक पडला. आता त्यात एचएफ (हायड्रोजन फ्लोराइड) वापरतात, जे अंगावर आलं तर जीव घेणारं आहे, पण ते कॅटॅलिस्ट आणि सॉल्व्हंट दोन्हीचं काम करतं आणि परत परत फिरवलं जातं. म्हणजे ग्रीन काय नि धोकादायक काय हे नुसतं बाटलीवरच्या चिन्हावरून ठरत नाही.

ईटीपी_ताई:
मी सांडपाण्याच्या (ईटीपी म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्लांटच्या) बाजूने सांगते, कारण हे नेहमी शेवटी आमच्याच टाकीत येतं. २-मिथाइल टीएचएफ थंड पाण्यात बरंच विरघळतं, २० डिग्रीला साधारण १४ टक्के, डीसीएम त्यामानाने एक-दोन टक्केच. तू तीन वॉश दिलेस तर सीओडी (सांडपाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) किती वाढेल बघ. पाणी गरम असेल तर उलट कमी विरघळतं आणि मीठ टाकलं की आणखी कमी, म्हणून वॉश कोमट ठेवून आणि मिठाच्या पाण्याने एकच देऊन बघ. दुसरं, लेयर उलटे होतात. डीसीएममध्ये तुझा प्रॉडक्ट खाली असतो, इथे वर राहील आणि पाणी आधी खालून निघेल, ऑपरेटरला हे आधीच नीट सांगून ठेव, रात्रपाळीला सवयीने माल ड्रेनला जायचा. तिसरं, डीसीएमला फ्लॅश पॉइंटची (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते) काळजी नसते, २-मिथाइल टीएचएफचा उणे ११ डिग्री आहे, तेव्हा नायट्रोजन आणि अर्थिंग तपासूनच घे.

नवा_केमिस्ट:
ताई, लेयरचं लक्षातच आलं नव्हतं, खूप आभार. पेरॉक्साइडचं (ईथरमध्ये हवेमुळे होणारं, तापलं की स्फोट होऊ शकणारं संयुग) काय करायचं? रिकव्हर केलेलं सॉल्व्हंट परत वापरायचा विचार आहे.

ईटीपी_ताई:
हो, ईथर आहे त्यामुळे पेरॉक्साइड होतातच. विकतच्या मालात बीएचटी (पेरॉक्साइड होऊ न देणारा स्टॅबिलायझर) असतं, पण ते जड आहे, डिस्टिलेशनमध्ये मागे राहतं आणि रिकव्हर केलेला माल स्टॅबिलायझरशिवाय येतो. म्हणून रिकव्हरीनंतर लगेच बीएचटी टाका, नायट्रोजनखाली ठेवा आणि पुढच्या डिस्टिलेशनच्या आधी दर वेळी टेस्ट स्ट्रिप लावा. पेरॉक्साइड दिसलं तर ते संपवल्याशिवाय गरम करू नका आणि डिस्टिलेशन कधीही कोरडं होईपर्यंत ओढू नका.

सरळ_बोलतो:
आणि बोरिक अ‍ॅसिडची ट्रायल झाली की इथे आकडे टाक, आम्हालाही बघायचेत.